उजव्या बाजूचं क्लस्टर

माझं आयुष्य लेबलांत गेलं. उल्हासनगरला कॅम्प पाच नंबरात जीन्सची लेबलं, बटणं आणि चेन विकणाऱ्या एका दुकानाच्या काउंटरवर मी वीस वर्षं उभा आहे. जगातल्या यच्चयावत कंपन्यांची नावं माझ्या हाताखालून जातात आणि त्यातल्या एकाही कंपनीला त्याची खबर नसते. या धंद्याने पोट भरलं, पण एक खोडही लावली. वस्तूवर लेबल दिसलं की इतरांचा विश्वास बसतो, माझा उडतो. लेबल जितकं सरळ चिकटवलेलं, तितका माझा संशय पक्का. घरात खोकल्याची बाटली आली तरी मी आधी लेबलाचा कोपरा नखाने उचलून बघतो. बायको म्हणते, "लग्नात माझ्या मुंडावळ्यासुद्धा उचलून बघितल्या असतील तुम्ही."

अशा माणसाला दुखणं मिळावं तर साधं मिळावं. मला मिळालं ते घड्याळ लावून येणारं. दिवाळी उलटली आणि बदलापूरची थंडी कानाला लागायला लागली की रोज दुपारी सव्वाचारला उजव्या डोळ्यामागे कोणीतरी तापलेला स्क्रू फिरवायला सुरुवात करायचं. डोळा लाल, पाण्याने भरलेला, पापणी अर्धी मिटलेली, उजवी नाकपुडी बंद. डावीकडे मात्र सगळं ठणठणीत, जणू शेजाऱ्याच्या घरातलं भांडण. साध्या डोकेदुखीत माणूस अंधार करून पडून राहतो. यात पडवत नाही, बसवत नाही. मी येरझाऱ्या घालायचो, भिंतीवर डोकं टेकवून हळूहळू आपटायचो. तासाभराने दुखणं जसं आलं तसं निघून जायचं. सहा-आठ आठवडे हा पाहुणचार चालायचा आणि मग वर्षभर पत्ता नाही.

माझा पहिला संशय दाढेवर गेला. अंबरनाथच्या एका दातांच्या डॉक्टरला मी स्वतःच गळ घालून उजवी वरची दाढ काढायला लावली. तो बिचारा म्हणत होता, "दाढ चांगली आहे हो." मी म्हटलं, "दिसायला चांगल्या वस्तूच खोट्या असतात." दाढ गेली. दुसऱ्या दिवशी सव्वाचारला दुखणं हजर. ती निर्दोष दाढ मी अजून एका डबीत ठेवली आहे. कधीतरी तिची माफी मागावी म्हणतो.

दरवर्षी सव्वाचारच्या आधी मी चहाच्या नावाखाली मागच्या गल्लीत सटकायचो; यंदा प्रकरण काउंटरपर्यंत पोचलं. एक बाई मुलांच्या जीन्ससाठी बटणं घ्यायला आल्या होत्या. नेमके सव्वाचार वाजले, माझी उजवी पापणी खाली आली आणि डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. बाईंनी आधी संशयाने बघितलं, मग पर्स छातीशी धरली. "शेठ, तुमचा माणूस डोळा मारतोय!" शेठने मला आत बोलावलं. "बीस साल में ये पहली बार, और वो भी रोते रोते?" मग स्वतःच आठ दिवसांची सुट्टी देऊन वर दम भरला, "इलाज करके आ. नाही झाला, तर काउंटरवर दुसरा माणूस. गिऱ्हाईक आधी."

म्हणून अंबरनाथच्या मेंदूच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी माझी कहाणी अर्ध्यात तोडली.

"एकाच बाजूला? ठरलेल्या वेळेला? डोळ्यातून पाणी?"

"हो."

"क्लस्टर हेडेक. रोजचं दुखणं थांबायला गोळ्या देतो, त्या लागू पडायला वेळ लागेल. तोवर ऑक्सिजन घ्यायचा."

"कशातून? गोळीतून?"

"सिलिंडरमधून. घरी आणून ठेवा. सुरुवात झाली की लगेच मास्क लावायचा, मीटर बारावर, ताठ बसून पंधरा-वीस मिनिटं. सिलिंडरच्या आसपास विडी-काडी, दिवा, शेगडी काही नको."

मी त्यांच्याकडे डाव्या, म्हणजे शुद्धीवरच्या डोळ्याने बघत राहिलो. हवा! एवढी फी घेऊन हा माणूस मला हवा घ्यायला सांगतोय. हवा तर आमच्या बदलापुरात, बेलवलीला, खिडकीतून फुकट येते. पण त्यांनी कागद लिहिला, सही केली, शिक्का मारला. शिक्का अगदी सरळ बसला होता. तेव्हाच माझा संशय पक्का झाला.

सिलिंडर मिळाला उल्हासनगरलाच. तीन नंबरात एक सिंधी काका दवाखान्याच्या खाटा, चाकाच्या खुर्च्या आणि सिलिंडर भाड्याने देतात. मी सिलिंडरभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. काळं अंग, वर पांढरा खांदा, आणि त्यावर लेबल. नखाने कोपरा उचलून बघितला.

"साईं, असली आहे ना?"

काकांनी चष्मा काढला. "भाऊ, तुम्ही कुठे काम करता?"

"पाच नंबरात. लेबलांच्या दुकानात."

"फिर तो तुम पूछ मत," काका म्हणाले. "हवा है हवा. हवा में कोई डुप्लिकेट करता है क्या?"

वीस वर्षांत मी शंभर गिऱ्हाइकांना याच सुरात उत्तर दिलेलं. त्यामुळे सिलिंडर टेंपोत चढेपर्यंत माझी खात्री झाली होती की आत नुसती तीन नंबरातली हवा भरलेली आहे.

निघताना बायकोचा फोन आला. "हे बघा, बिल्डिंगमध्ये ऑक्सिजन शब्द काढू नका. त्या साथीच्या दिवसांत लोकांनी एवढे सिलिंडर पाहिलेत की आता ऑक्सिजन म्हटलं तरी पांढरे कपडे इस्त्रीला टाकतील. आईच्या कानावर गेलं तर ती चामटोलीहून रडतच येईल. आजारी आहे म्हणायचं नाही. डोकं म्हणायचं नाही. काहीतरी मोघम सांगा."

मोघम सांगण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. मी ठरवलं, डॉक्टरांचा तो इंग्रजी शब्दच फेकायचा. आपल्या बिल्डिंगमध्ये तो कोणाला कळणार?

इथे आमच्या इमारतीबद्दल सांगायला हवं. जिना मधोमध, त्याच्या उजवीकडे एक लाइन, डावीकडे एक लाइन. मी उजव्या लाइनीत, सेक्रेटरी काका डाव्या लाइनीत. इमारत इतकी जुनी की गच्चीवर कोणी मिरच्या वाळत घातल्या तरी खालच्या मजल्यावर माती पडते. आणि गेली काही वर्षं आमच्या भागात एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. जुन्या इमारती एकगठ्ठा पाडून तिथे नवे टॉवर बांधायचे, त्या योजनेला सगळे म्हणतात 'क्लस्टर'. ठाण्याला आलं म्हणे, उल्हासनगरला येणार म्हणे, आपल्याकडे कधी? आमच्याकडे लोक चहा पितात तेव्हा क्लस्टरवर बोलतात आणि क्लस्टरवर बोलायचं असलं की चहा करतात.

हे सगळं मला माहीत होतं. पण संशयी माणसाचा एक प्रॉब्लेम असतो. तो दुसऱ्याच्या शब्दावर इतकी नजर ठेवून असतो की स्वतःचा शब्द तपासायचा राहून जातो.

टेंपो गेटवर थांबला. सेक्रेटरी काका खाली खुर्ची टाकून बसले होते. आयुष्यभर कारखान्यात वेल्डिंगच्या खात्यात काढलेला माणूस. काळा सिलिंडर बघून ते उभे राहिले.

"काय हो लेबलवाले, हे कशाला?"

"क्लस्टरसाठी आहे," मी मोघमपणे म्हटलं.

काकांच्या चेहऱ्यावरचं रक्त खाली गेलं आणि परत वर आलं. मला वाटलं, शब्दाने काम केलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"मागच्याच आठवड्यात कागद हातात आला."

"कागद आहे?"

"सहीशिक्क्यासकट."

"आणि... सगळ्यांचं आहे?"

"छे हो, फार थोड्यांना असतं. आपल्या बिल्डिंगमध्ये बहुतेक मी एकटाच."

काका माझ्या जवळ आले. आवाज एकदम खाली. "किती दिवस चालणार?"

"सहा-आठ आठवडे. पण काका, एका बाजूचंच असतं हे. माझं उजव्या बाजूचं आहे. डाव्या बाजूला हातसुद्धा लागत नाही."

ते वाक्य मी माणुसकीने बोललो होतो. डावीकडे तरी आराम असतो, एवढंच मला म्हणायचं होतं. काकांनी डाव्या लाइनीकडे पाहिलं, मग उजव्या लाइनीकडे, मग त्या सिलिंडरकडे. वेल्डरच्या डोक्यात ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणजे गॅस कटर, आणि गॅस कटर म्हणजे लोखंड कापणं. काकांनी काय समजून घेतलं असेल ते मला फार उशिरा कळलं.

त्या दुपारी सव्वाचारला मी पहिल्यांदा मास्क लावला. त्याच्याबरोबर नळी होती आणि खाली एक मऊ प्लॅस्टिकची पिशवी लोंबत होती. लेबलांच्या धंद्यात केस पांढरे झालेल्या माणसाला पॅकिंग ओळखायला दुसऱ्याची गरज नसते. मी कात्रीने पिशवी कापून कचऱ्यात टाकली. मीटर बारावर नेला. सुर्र आवाज आला, नाकाला गारवा लागला, आणि दुखणं तासभर आपलं काम शांतपणे करत राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

आता माझ्याजवळ पुरावा होता. आत साधी हवा आहे. शाळेत मास्तरांनी दाखवलेलं आठवलं, विझत आलेली काडी ऑक्सिजनमध्ये धरली की भडकते. मी देवघरातून उदबत्ती उचलली आणि काड्यापेटी शोधायला लागलो. बायकोने ती माझ्या हातून हिसकावून घेतली.

"डॉक्टर काय म्हणाले होते? डोकं दुखतंय म्हणून ते उडवूनच टाकायचंय का?"

"मला फक्त बघायचंय असली आहे का."

"असली असला तर आपण दोघंही जाऊ, मग कोणाला सांगायला जाणार?"

एवढ्या बिनतोड प्रश्नापुढे मी उदबत्ती परत ठेवली. तेवढ्यात बेल वाजली. उजव्या लाइनीतल्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या. ज्या बाईंनी अकरा वर्षांत विरजणसुद्धा दिलं नाही, त्या लाडू घेऊन दारात!

"सहज केले होते," त्या म्हणाल्या. मग कुजबुजल्या, "भावोजी, आपल्या लाइनीला किती मिळणार हो?"

मला वाटलं, झोप किंवा आराम. "पंधरा-वीस मिनिटं मिळाली तरी खूप," मी म्हटलं. त्यांना ते कोडंच वाटलं असावं. डबा ठेवून मागे वळून वळून बघत त्या गेल्या.

त्याच दिवसापासून डाव्या लाइनीतले लोक मला जिन्यात बघून गप्प व्हायला लागले. कोणीतरी माझ्या दारासमोर उभं राहून मोबाइलवर फोटो काढताना मी दाराच्या भिंगातून पाहिलं. मी बायकोला म्हटलं, "कळलंय यांना. आजारी माणूस नकोय बिल्डिंगमध्ये." मी त्यांच्यावर पाळत ठेवत होतो, ते माझ्यावर.

शनिवारी सिलिंडर संपला. मी मास्क पिशवीत घालून, भांडायची वाक्यं पाठ करून तीन नंबरात गेलो. काकांच्या टेबलावर मास्क आपटला.

"साईं, काही फरक नाही. हवा डुप्लिकेट आहे."

काकांनी मास्क उचलून उलटासुलटा केला. "थैली किधर है?"

"कुठली थैली?"

"नीचे थैली थी. उसी में तो ऑक्सिजन भरता है, भाऊ! थैली नाही, म्हणजे तू बाजूचीच हवा ओढत होतास."

"ती... पॅकिंगची नव्हती?"

काका इतके हसले की शेजारच्या दुकानातले दोघं आत डोकावले. काकांनी त्यांना सिंधीत माझी कथा सांगितली. मला फक्त 'लेबल' हा शब्द कळला. मग ते शांत होऊन म्हणाले, "नवीन मास्क देतो. उद्या दुपारी टेंपो बदलापूरला येतो, भरलेला पाठवतो. कैंची मत लगाना."

परतताना मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. काका थैलीच्या नावाखाली डुप्लिकेट हवाच खपवत असतील तर? पण सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. उद्या कळलं नाही, तर सोमवारी सव्वाचारला मी पुन्हा गिऱ्हाइकांना डोळे मारत उभा असणार, आणि तो माझा काउंटरवरचा शेवटचा दिवस ठरणार.

रविवारी अडीचला टेंपोवाल्याचा फोन आला. "माल उतरवला. तुमच्या सेक्रेटरीने सही केली." मी धावत खाली गेलो. सिलिंडर नव्हता. विजेच्या मीटरच्या खोलीला कुलूप होतं, आणि कुलपाची चावी सेक्रेटरी काकांच्या सदऱ्याच्या खिशात.

"काका, माझा सिलिंडर आत आहे."

"असू दे. चारला सभा आहे. ठराव होईपर्यंत तो बाहेर येणार नाही."

"अहो, मला सव्वाचारला लागणार आहे तो!"

"म्हणजे सव्वाचारला काम सुरू करणार? आज? रविवारी?"

"काम कसलं? रोज सव्वाचारलाच होतं. चावी नाही दिलीत तर डोकं फुटेल, सांगून ठेवतो!"

काका दोन पावलं मागे सरकले. "धमकी? सेक्रेटरीला? सगळ्यांसमोर बोला हे चारला."

मी हात जोडले, चावी मिळाली नाही. बायको खाली आली, तिने काकूंकडे शब्द टाकला. काकू म्हणाल्या, "तुम्ही एकट्यांनीच सगळं ठरवलंत, आता आम्ही काय करणार?" बायको वर येऊन म्हणाली, "मला काही कळत नाहीये. यांना नक्की काय झालंय?"

चारला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. एका बाजूला उजवी लाइन, समोर डावी लाइन, लग्नातल्या दोन पक्षांसारखी. काकांनी वही उघडली.

"विषय एकच. सदनिका अकरा यांनी क्लस्टरचा कागद सोसायटीपासून लपवला. तो फक्त उजव्या बाजूचा आहे, असं त्यांनी स्वतः मान्य केलंय. आणि आता कटिंगचा सिलिंडर आणून उजव्या बाजूचे पिलर..."

डाव्या लाइनीतले एक गृहस्थ उठले. "पाया एक, पाण्याची टाकी एक, आणि क्लस्टर यांचंच?"

उजव्या लाइनीतून वहिनींचा आवाज आला, "आमच्या नशिबात असेल तर तुम्हाला का सलतंय?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तोंड उघडलं. पण घड्याळात सव्वाचार झाले होते.

स्क्रू फिरला. उजव्या डोळ्यातून धार लागली, पापणी खाली. मी खुर्चीतून उठलो आणि दोन्ही हातांत डोकं धरून खुर्च्यांमधून येरझाऱ्या घालायला लागलो.

"नाटकं बघा," कोणीतरी म्हणालं.

"एका डोळ्याने रडतोय!" दुसरं कोणी म्हणालं. "दुसरा कोरडा ठणठणीत!"

मी मीटरच्या खोलीच्या दारावर कपाळ टेकवलं आणि ठक, ठक, ठक. मोघमपणा खड्ड्यात घालून बायको ओरडली, "अहो काका, डोकं आहे त्यांचं ते! डोक्याचा आजार आहे! क्लस्टर त्यांच्या डोक्यात आहे!"

वही बाजूला ठेवून काका उठले. काकांनी माझ्या डोळ्यात वाकून पाहिलं. आयुष्यभर वेल्डिंगच्या ठिणग्या पाहिलेला माणूस, लाल डोळा खरा की खोटा हे त्याला कळतं. त्यांनी खिशातून चावी काढली. घाईत कुलूप दोनदा चुकलं. मग मात्र सिलिंडर त्यांनीच बाहेर ओढला, बायकोने मास्कसोबत पिशवीतून आणलेला मीटर त्यांनीच बसवला, पाना त्यांनीच फिरवला. "किती?"

"बारा," बायको म्हणाली.

"सगळे लांब व्हा!" काका ओरडले. "मोबाइल राहू दे, ती विडी विझव आधी!"

नवा मास्क तोंडावर आला. खालची थैली फुगली, माझ्या श्वासाबरोबर आत गेली, परत फुगली. मी डाव्या डोळ्याने तिच्याकडे टक लावून बघत होतो. दोन्ही लाइनींचे लोक माझ्याकडे बघत होते. वहिनी मनगटावरच्या घड्याळाकडे. पाच मिनिटं झाली, काहीच नाही. मला वाटलं, झालं, फसवलं साईंनी. सातव्या मिनिटाला स्क्रू थांबला. दहाव्याला तो उलटा फिरायला लागला. तेराव्या मिनिटाला मी मान वर केली, आणि माझ्या लक्षात आलं की उजव्या नाकपुडीतून वास येतोय. कोणाच्या तरी घरातल्या कांदेभज्यांचा.

मी मास्क काढला. "गेलं," मी म्हटलं. माझा माझ्यावरच विश्वास बसत नव्हता. मी उभा राहिलो, खाली बसलो, मान हलवून बघितली. गेलं होतं. तासाचं दुखणं चहा उकळेपर्यंतच्या वेळात.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकांनी घसा साफ केला. "म्हणजे... आपलं क्लस्टर नाही?"

"नाही."

"उजव्या बाजूचं पण नाही?"

मी उजव्या कानशिलावर बोट ठेवलं. "हीच उजवी बाजू."

डाव्या लाइनीच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, मग तिच्यामागून निराशा. उजव्या लाइनीत नुसती निराशाच होती. वहिनी उठून म्हणाल्या, "डबा मोकळा झाला असेल तर पाठवून द्या."

काकांनी वहीत ठराव लिहिला, तो मी त्यांच्या खांद्यावरून वाचला. 'सदनिका अकरा यांचे क्लस्टर वैयक्तिक स्वरूपाचे असून त्याचा इमारतीशी संबंध नाही. सिलिंडर घरात ठेवण्यास हरकत नाही.' खाली सह्या झाल्या. काकांनी मीटरच्या खोलीची दुसरी चावी माझ्या हातावर ठेवली, "असू द्या, कधी टेंपो आला आणि मी नसलो तर."

सोमवारी मी कामावर गेलो. सिलिंडर काउंटरमागे ठेवायला शेठने जागा दिली, आणि सव्वाचारला मी गिऱ्हाइकांकडे पाठ करून पंधरा मिनिटं थैलीकडे बघत बसलो. काउंटर माझाच राहिला.

पण रविवारची गोष्ट अजून थोडी शिल्लक आहे. लोक पांगल्यावर सेक्रेटरी काका माझ्या मागोमाग वर आले. दार लोटून घेतलं. हळूच म्हणाले, "लेबलवाले, राग मानू नका. तो कागद एकदा दाखवता?"

मी डॉक्टरांचा कागद आणून दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, सगळा वाचला, उलटा केला, मागचा कोरा भागसुद्धा वाचला. मग अंगठा शिक्क्यावरून फिरवला.

"शिक्का फार सरळ बसलाय हो," ते म्हणाले.